इंजिनाचा ठोका आणि ठिणगीची वेळ

आजच्या भागाचा विषय वरवर पाहता गॅरेजमधला आहे. पण त्याचा धागा न्यायालयापर्यंत, रेशनच्या रॉकेलापर्यंत आणि मनमाडजवळच्या एका ढाब्यापर्यंत जातो, म्हणून तो इतिहासाच्या मालिकेत घेतोय.

सुरुवात मी राहतो त्या शहरापासून करू. आज ज्याला आपण गुरुग्राम म्हणतो त्याचं नाव २०१६ पर्यंत गुडगाव होतं. १४ डिसेंबर १९८३ या दिवशी इथल्या मारुती उद्योगच्या पहिल्या गाडीची किल्ली पंतप्रधान इंदिरा गांधींनी दिल्लीच्या हरपाल सिंग यांच्या हातात दिली. तो फोटो तुम्ही पाहिला असेल. बॉनेटखाली काय होतं ते फोटोत दिसत नाही. ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं छोटं इंजिन होतं. त्याला कार्बोरेटर होता आणि बाजूला एक डिस्ट्रिब्यूटर होता. डिस्ट्रिब्यूटरचा बोल्ट सैल करून तो हाताने किंचित फिरवला की ठिणगी पडायची वेळ पुढे-मागे व्हायची. कोपऱ्यावरच्या मेस्त्रीचा अर्धा धंदा त्या एका बोल्टवर चालायचा.

आज याच परिसरातून बाहेर पडणाऱ्या गाडीत तो बोल्ट नाही. ठिणगी केव्हा पडावी हे कॉम्प्युटर ठरवतो आणि सेकंदाला कित्येकदा नव्याने ठरवतो. पण प्रश्न जुनाच राहिला आहे. इंजिन ठोकतंय, पिकअप घेत नाही, गरम होतंय, तर दोष कोणाचा? ठिणगीचा, इंधनाचा, हवेचा, की यंत्राचा? गेल्या शंभर वर्षांत माणसाने बहुतेक वेळा एकच गोष्ट केली. आधी ठोका बंद केला, आणि कारण शोधायचं काम नंतरवर टाकलं. त्याची किंमत काय पडली, ते आज पाहू.

वेळ म्हणजे नेमकी कशाची?

पिस्टन सिलिंडरमध्ये वर येताना हवा आणि पेट्रोलच्या वाफेचं मिश्रण दाबतो. तो सगळ्यात वर पोचतो त्या बिंदूला वर्कशॉपमध्ये टीडीसी म्हणतात. ठिणगी बरोबर टीडीसीला पडत असेल असं पुष्कळांना वाटतं. तसं नसतं. ज्वाला प्लगपासून निघून सिलिंडरभर पसरायला वेळ लागतो, मिलिसेकंदांच्या हिशेबात का होईना. म्हणून ठिणगी टीडीसीच्या आधी टाकावी लागते. दाब सगळ्यात जास्त कधी व्हायला हवा? पिस्टन टीडीसी ओलांडून खाली निघाल्यावर, क्रँक साधारण १५ अंश पुढे गेलेला असताना. झोपाळा परत फिरायला लागल्यावर धक्का दिला की तो उंच जातो, आधीच दिला की हाताला झटका बसतो. तसंच हे.

आता वेगाचा हिशेब करू. इंजिन मिनिटाला ९०० फेऱ्यांवर आयडलिंग करत असेल तर एका मिलिसेकंदात क्रँक ५.४ अंश फिरतो. ६००० फेऱ्यांवर तो त्याच एका मिलिसेकंदात ३६ अंश फिरतो. म्हणजे वेग वाढला की ठिणगी आणखी आधी पडायला हवी. शर्यतीच्या किंवा जोरकस गाडीत टायमिंगचा प्रश्न नाजूक होतो तो यामुळेच. तिचं इंजिन जास्त वेगाने फिरतं, मिश्रण जास्त दाबतं आणि जास्त तापतं. चुकीला जागा कमी राहते.

ठिणगी उशिरा पडली तर दाब वाया जातो, उष्णता एक्झॉस्टमधून बाहेर पडते, मॅनिफोल्ड लाल होतो, गाडी ओढत नाही आणि पेट्रोल जास्त खाते. ठिणगी फार आधी पडली तर दाब आणि तापमान नको तितकं चढतं. मग ज्वाला पोचायच्या आत कोपऱ्यात उरलेलं मिश्रण आपोआप, एकदम पेटतं. धातूवर बारीक हातोडी मारल्यासारखा आवाज येतो. हाच ठोका, नॉकिंग. चढावर टॉप गिअरमध्ये पाय दाबला की जुन्या गाड्यांतून खडखड ऐकू यायची, ती हीच.

इथे एक फरक लक्षात ठेवा. ठोका ठिणगी पडल्यानंतर होतो. तापलेल्या कार्बनच्या कणामुळे किंवा चुकीच्या प्लगमुळे मिश्रण ठिणगीच्या आधीच पेटलं, तर तो वेगळा आजार आहे. त्याला प्री-इग्निशन म्हणतात. आवाज कधीकधी सारखा येतो, पण औषध वेगळं आहे.

केटरिंगवरचा आरोप

सुरुवातीच्या गाड्यांत टायमिंगची सगळी जबाबदारी चालवणाऱ्यावर होती. स्टिअरिंगजवळ एक दांडी असायची. हँडल मारताना ती मागे ठेवायची, वेग घेतल्यावर पुढे करायची. मागे घ्यायला विसरलं तर हँडल उलट फिरायचं आणि मनगट मोडायचं. जर्मनीत रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड यांनी १९०२ साली उच्च दाबाचा मॅग्नेटो तयार केला, आणि ठिणगी भरवशाची झाली. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांची जोडणी केली. १९१० च्या कॅडिलॅकमध्ये ती आली. त्यांची कंपनी होती डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी, आद्याक्षरांनी डेल्को. उत्तर भारतातले जुने मिस्त्री डिस्ट्रिब्यूटरला अजून 'डेल्को' म्हणतात, ते नाव तिथून आलं.

आता इतिहासातली गंमत पाहा. पुढच्या काही वर्षांत इंजिनांचे दाब वाढले आणि गाड्या ठोकू लागल्या. मॅग्नेटो बनवणाऱ्यांनी बोट दाखवलं केटरिंगच्या बॅटरी इग्निशनकडे. दोष ठिणगीचाच, असं सगळे म्हणू लागले. केटरिंग यांनी ते मान्यही केलं नाही आणि नुसतं नाकारलंही नाही. थॉमस मिजली नावाच्या तरुण इंजिनिअरला १९१६ साली त्यांनी याच कामावर बसवलं. मिजली यांनी सिलिंडरमधला दाब टिपणारं यंत्र बनवलं. त्यातून दिसलं की दाबाची ती उसळी ठिणगी पडल्यावर, ज्वाला चालू असताना येते. ठिणगी आपलं काम बरोबर करत होती. प्रश्न इंधनाचा होता.

पुढे एक चुकीचा तर्क कामाला आला. लाल रंगाचं इंधन उष्णता लवकर शोषेल आणि ठोका थांबेल, असा अंदाज होता. प्रयोगशाळेत लाल रंग नव्हता म्हणून आयोडीन घातलं, आणि ठोका खरंच कमी झाला. इतर कोणी तिथेच थांबलं असतं. यांनी इतर लाल रंग आणून घातले, आणि एकाचाही उपयोग झाला नाही. म्हणजे रंगाचा संबंध नव्हता, आयोडीनचा होता. उपाय लागू पडला तरी आपण मानलेलं कारण खरं होतं का, हे वेगळं तपासावं लागतं. गॅरेजमध्ये ही एक सवय असेल तर निम्मे फेरे वाचतात.

शिशाने गप्प केलेला ठोका

९ डिसेंबर १९२१ रोजी मिजली यांना टेट्राइथाइल लेड सापडलं. शिशाचं हे संयुग अगदी थोडं मिसळलं तरी ठोका बंद व्हायचा. अल्कोहोलनेही ठोका थांबतो हे त्यांना ठाऊक होतं. पण अल्कोहोल भरपूर घालावं लागतं आणि त्यावर पेटंट मिळत नाही. शिसं जिंकलं. १९२४ साली न्यू जर्सीच्या एका कारखान्यात हे संयुग बनवताना पाच कामगार वेडेपिसे होऊन मेले. विक्री काही काळ थांबली, पण पुन्हा सुरू झाली.

पेट्रोलला गुण द्यायचं माप १९२६ मध्ये आलं. ठोका जवळजवळ न करणाऱ्या आयसो-ऑक्टेनला १०० आणि लगेच ठोकणाऱ्या हेप्टेनला शून्य. हाच तो ऑक्टेन नंबर. शिशामुळे नंबर वाढला, इंजिनं ताकदवान झाली, विमानं उंच उडाली. आणि शहराशहरांतल्या मुलांच्या रक्तात शिसं गेलं. ते मेंदूच्या वाढीवर परिणाम करतं. साठ-सत्तर वर्षं जगाने इंजिनाचा ठोका मुलांच्या डोक्याच्या बदल्यात गप्प केला, असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

आपल्याकडे १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई या चार महानगरांत नव्या गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि त्यासाठी बिनशिशाचं पेट्रोल आलं, कारण शिसं कन्व्हर्टर निकामी करतं. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिशाचं पेट्रोल बंद झालं. जगात शेवटचा पंप बंद झाला तो अल्जीरियात, २०२१ साली. मिजलींच्या शोधाला तेव्हा शंभर वर्षं होत आली होती.

जिप्सी, रॅली आणि उंची

परत गुडगावला येऊ. १९८५ च्या अखेरीस इथे जिप्सी आली. ९७० सीसी, ४५ अश्वशक्ती. १९९६ मध्ये १२९८ सीसीची जिप्सी किंग आणि २००० मध्ये त्याच इंजिनाचं सोळा व्हॉल्व्हचं, इंजेक्शनवालं रूप, ८० अश्वशक्तीचं. आजच्या आकड्यांपुढे हे किरकोळ वाटेल. पण वजनाला हलकी, फोर व्हील ड्राइव्ह आणि इंजिन वेगाने फिरायला तयार, अशी ही गाडी रॅलीवाल्यांनी डोक्यावर घेतली. मुंबईच्या नझीर हुसेन यांच्या पुढाकाराने १९८० मध्ये हिमालयन रॅली सुरू झाली होती. १९९९ पासून रेड द हिमालय आली. डोंगरातल्या रॅलींमध्ये जिप्सी वर्षानुवर्षं दिसत राहिली. आणि फौजेत तर ती घरचीच झाली.

आमच्या ईएमईच्या कारागिरांना टायमिंगचा खरा धडा उंचीने दिला. लेह सुमारे ३५०० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाहूनही थोडा कमी. हवा विरळ, म्हणून सिलिंडरमध्ये मिश्रण कमी भरतं, ज्वाला हळू पसरते आणि इंजिन मलूल होतं. अशा हवेत इंजिन ठोकत नाही आणि ठिणगी थोडी आधी पडलेली त्याला चालते, किंबहुना हवी असते. मग कोणी तरी 'पिकअप' साठी डिस्ट्रिब्यूटर जरा फिरवतो. गाडी वर छान पळते. तीच गाडी जून महिन्यात पठाणकोटला उतरते. दाट हवा, ४५ अंशांचा उन्हाळा, मागे सामान. चढाव नसतानाही खडखड सुरू. तिथला कारागीर म्हणतो पेट्रोल खराब आहे, ड्रायव्हर म्हणतो इंजिन गेलं. दोघांनाही हे माहीत नसतं की गाडी कुठून आली आणि तिथे काय केलं गेलं. म्हणून फौजेत गाडीच्या लॉगबुकात प्रत्येक दुरुस्तीची नोंद करायचा आग्रह असतो. बिघाडाचं निदान बहुतेक वेळा पाना हातात घेण्याआधी वहीत सापडतं.

जुन्या पद्धतीची तपासणी कशी होती तेही सांगतो, कारण तिचा क्रम आजही उपयोगी आहे. आधी बॅटरी, प्लग, प्लगच्या वायरी आणि कॉम्प्रेशन. मग सीबी पॉइंटचा गॅप. पॉइंटची टाच झिजली की गॅप कमी होतो, पॉइंट उशिरा उघडतात आणि ठिणगी आपोआप मागे पडते. डिस्ट्रिब्यूटरला कोणी हात न लावताही टायमिंग बदललेलं असतं. गॅप नीट केल्यावर व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद करायचं आणि आयडलिंगवर टायमिंग लाइटने पुलीवरची खूण बघायची. मग वेग वाढवायचा आणि खूण सुरळीत पुढे सरकते का ते बघायचं. अडखळली तर डिस्ट्रिब्यूटरमधली वजनं किंवा स्प्रिंग अडकलेत. शेवटी व्हॅक्यूम जोडून त्याचा पडदा फाटला नाही ना, ते पाहायचं. आणि हे सगळं ज्या खुणेच्या भरवशावर करतो ती खूण खरी आहे का? काही पुल्यांची बाहेरची कडी रबरावर बसवलेली असते. रबर सुटलं की कडी सरकते, आणि खूण खोटं बोलू लागते. म्हणून एक नंबरचा पिस्टन खरोखर वर आणून खूण पडताळायची. सैन्यात दारूगोळा डागण्याआधी साइट तपासतात, त्यातलाच प्रकार.

रॉकेल

आता या इतिहासातला काळा भाग. आपल्याकडचं साधं पेट्रोल पुष्कळ वर्षं ८७ ऑक्टेनचं होतं, पुढे ८८, आणि २००५ पासून आधी मोठ्या शहरांत ९१. म्हणजे मुळातच हात राखून. त्यात रेशनचं रॉकेल स्वस्त आणि पेट्रोल महाग. या दोन भावांमधल्या फरकात एक मोठा चोरटा धंदा उभा राहिला. रॉकेलाचा ऑक्टेन फारच कमी असतो. पेट्रोलमध्ये थोडं मिसळलं तरी इंजिन ठोकतं, धूर सोडतं, प्लग काळे पडतात.

गाडीवाला मेस्त्रीकडे जायचा. मेस्त्री बोल्ट सैल करायचा, ठिणगी दोन-चार अंश मागे घ्यायचा, आवाज बंद. गाडीवाला खूश. पण त्यानंतर गाडी जास्त तापणार, जास्त पिणार आणि काही महिन्यांनी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळणार. भेसळीचा पुरावा देणारा एकमेव साक्षीदार म्हणजे तो आवाज, आणि आपण त्याचंच तोंड बांधलं. देशभरात हे रोज हजारो गॅरेजांत घडत होतं. मेस्त्रीला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्याकडे पेट्रोल तपासायचं साधन नव्हतं, आणि पंपाशी भांडायची ताकद तर नव्हतीच.

भांडायची ताकद ज्यांनी दाखवली त्यांचं काय झालं? १९ नोव्हेंबर २००५ रोजी उत्तर प्रदेशातल्या लखीमपूर खीरी जिल्ह्यात इंडियन ऑइलचा तरुण अधिकारी मंजुनाथ षण्मुगम याला गोळ्या घातल्या गेल्या. भेसळ करणाऱ्या पंपावर त्याने कारवाई केली होती. आणि २५ जानेवारी २०११, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी, मनमाडजवळ पानेवाडीला, जिथे तेल कंपन्यांचे डेपो आहेत तिथे, मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भरदिवसा जाळून मारण्यात आलं. एका ढाब्याजवळ त्यांना तेलाची चोरी आणि भेसळ चाललेली दिसली आणि ते थांबले. राज्यभर सरकारी कर्मचारी रस्त्यावर उतरले. छापे पडले, अटका झाल्या.

मी या दोघांची नावं इंजिनाच्या चर्चेत मुद्दाम घेतो. इंजिनातून ठोका येतो तेव्हा तो कधीकधी एका मोठ्या गुन्ह्याच्या शेवटच्या टोकाचा आवाज असतो. तो ऐकून 'पेट्रोल कुठे भरलं होतं?' एवढा प्रश्न विचारणं आपल्याला कुठलीही जोखीम न घेता जमतं. पंपावर फिल्टर पेपर मागायचा तुम्हाला हक्क आहे. पेट्रोलचा थेंब टाकायचा. वाळल्यावर तेलकट डाग राहिला तर शंका घ्या. घनता तपासून मागायचाही हक्क आहे, त्या दिवसाची घनता पंपावर नोंदलेली असते. हरियाणाने २०१७ साली रेशनचं रॉकेल बंद केलं. घरोघरी गॅस पोचल्यावर भेसळीचा तो मार्ग बराच आटला. पण सवय म्हणून तपासायला काय हरकत आहे?

बोल्ट गेला, कान आला

डिस्ट्रिब्यूटरचा बोल्ट गेला तो बाजाराच्या इच्छेने कमी आणि न्यायालयाच्या आदेशाने जास्त. दिल्लीच्या हवेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २९ एप्रिल १९९९ रोजी सांगितलं की राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात १ जून १९९९ पासून खाजगी वापराच्या नव्या गाड्या युरो-१ च्याच नोंदवल्या जातील आणि १ एप्रिल २००० पासून युरो-२ च्या. गुडगावातल्या कारखान्याची सगळ्यात जवळची आणि मोठी बाजारपेठ दिल्लीच. कार्बोरेटरच्या भरवशावर ही मर्यादा पाळणं अवघड होतं. वर्ष-दीड वर्षात इंजेक्शन आणि इंजिनाचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, छोट्या गाड्यांपर्यंत पोचले. मेस्त्रींच्या एका पिढीचं कसब त्या काही महिन्यांत जुनं झालं.

त्याबरोबर इंजिनाला कान आला. नॉक सेन्सर म्हणजे इंजिनाच्या ब्लॉकवर घट्ट बसवलेला एक स्फटिक. कंप झाला की तो वीज देतो. साधारण आकाराच्या सिलिंडरमध्ये ठोक्याचा सूर सहा-सात किलोहर्ट्झच्या आसपास असतो. कॉम्प्युटर ठिणगीनंतरच्या ठरावीक खिडकीतच तो सूर ऐकतो. ऐकू आला की त्या सिलिंडरची ठिणगी काही अंश मागे नेतो, आणि मग हळूहळू पुन्हा पुढे आणून बघतो. अमेरिकेत १९७८ च्या ब्युइक टर्बोत ही कल्पना आली, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला साबने ती टर्बोच्या दाबाशी जोडली. आज टर्बो पेट्रोल गाडी याशिवाय चालूच शकत नाही.

सोय मोठी आहे. पण यात एक अडचण आहे, आणि इतिहास माहीत असेल तरच ती दिसते. जे काम पूर्वी मेस्त्री बोल्ट फिरवून करायचा, ते आता कॉम्प्युटर गुपचूप करतो. आवाज येतच नाही. गाडीवाल्याची तक्रार एवढीच असते, 'पूर्वीसारखी पळत नाही.'

आजचं निदान

गुरुग्रामच्या रस्त्यांवर आज टर्बो गाड्या, रीमॅप केलेल्या गाड्या भरपूर आहेत. त्यांच्यासाठी क्रम सांगतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा पहिला नियम.

पहिलं, ऐकायचं आणि विचारायचं. त्रास गार इंजिनात की तापल्यावर? टाकी भरल्यावर सुरू झाला का? रीमॅप कधी केलं, कोणत्या पेट्रोलसाठी? ९५ ऑक्टेनसाठी केलेला मॅप आणि टाकीत ९१, तर कॉम्प्युटर दिवसभर ठिणगी मागेच ओढत बसणार.

दुसरं, स्कॅनर लावून केवळ कोड वाचून थांबायचं नाही. चालू गाडीत इग्निशन ॲडव्हान्स आणि नॉक रिटार्ड हे आकडे बघायचे. सगळ्या सिलिंडरांत ठिणगी सारखीच मागे जात असेल तर कारण सगळ्यांना सामाईक आहे. इंधन, आत येणाऱ्या हवेचं तापमान, तुंबलेला इंटरकूलर, कूलिंग. मे महिन्यातल्या सोहना रोडच्या ट्रॅफिकमध्ये हे हमखास होतं. एकाच सिलिंडरात मागे जात असेल तर तो प्लग, तो इंजेक्टर, तिथला कार्बन, तिथली गळती.

तिसरं, रिटार्ड दिसतं पण खरंच ठोका आहे का? सैल ब्रॅकेट, खडखडणारी हीट शील्ड यांचा आवाजही सेन्सरला फसवतो. सेन्सरचा बोल्ट ठरल्यापेक्षा सैल किंवा जास्त आवळला तर त्याचं ऐकणंच बदलतं. पी-०३२५ हा कोड त्याच्या सर्किटचा आहे. तो आला म्हणजे लगेच सेन्सर बदलायचा असं नाही, आधी वायर आणि कनेक्टर बघा.

चौथं, वेळेचा मूळ आधार. क्रँक सेन्सर आणि त्यासमोरची दात असलेली चकती. चकतीवर धातूचा कीस चिकटला किंवा सेन्सर दूर गेला तर ठिणगी भरकटते. पी-००१६ म्हणजे कॅम आणि क्रँकचा ताळमेळ जुळत नाही. टायमिंग चेन ताणली किंवा बेल्टचा दात सुटला असेल. ही तीच जुनी पुलीची खूण आहे, फक्त तिचं रूप बदललं.

पाचवं, खात्रीचं पेट्रोल भरून तोच रस्ता, तोच गिअर, तोच वेग. रिटार्ड गेलं तर उत्तर मिळालं, एकही सुटा भाग न बदलता.

इंधनाबद्दल दोन शब्द. १ डिसेंबर २०२० ला इंडियन ऑइलने १०० ऑक्टेनचं पेट्रोल आणलं, पहिल्या दहा शहरांत गुरुग्राम होतं. तेव्हाचा भाव लिटरला १६० रुपये. पण साध्या इंजिनाला ते भरून ताकद वाढत नाही. जे इंजिन ठोक्याच्या भीतीने ठिणगी मागे ओढत असतं, त्यालाच त्याचा फायदा. आणि आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल. शंभर वर्षांपूर्वी शिशापुढे हरलेलं अल्कोहोल परत आलं, आणि ठोक्याच्या बाबतीत ते चांगलंच आहे. पण जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत इथेनॉलमुळे मिश्रण पातळ होतं, ज्वाला मंदावते, गाडी मिसिंग करते. लक्षणं हुबेहूब उशिरा पडणाऱ्या ठिणगीची. तिथे डिस्ट्रिब्यूटर फिरवत बसू नका, आधी जेट बघा.

केटरिंगवर आरोप झाला तेव्हा ठिणगी निर्दोष होती. शिशाच्या काळात, रॉकेलाच्या काळातही बहुतेक वेळा ती निर्दोषच होती. पण तिला हलवणं सगळ्यात सोपं आणि स्वस्त, म्हणून प्रत्येक वेळी तीच हलवली गेली. आता हलवणारा हात दिसत नाही, म्हणून विचारायचं काम आपलं जास्त आहे. वर्षातून एकदा सर्व्हिसिंगच्या वेळी मेकॅनिकला नॉक रिटार्डचा आकडा दाखवायला सांगा आणि तो गाडीच्या वहीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षी तो वाढलेला दिसला तर गाडी तुम्हाला काही सांगते आहे.

पुढच्या भागात आपण कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची गोष्ट घेऊ. तोवर रजा घेतो. जय हिंद.